गबियाचं अंथरूण

प्रिय गिन्तारे,

तू पाठवलेले लोकरीचे मोजे मिळाले. तुझ्याकडे बर्गनला म्हणे रोजच पाऊस असतो. इकडे दंव पडायला लागलंय आणि जंगलातली अळंबी संपली. या वर्षी मी गेलेच नाही. कंबर वाकत नाही, आणि वाकली की सरळ होत नाही. पलीकडच्या दोन्ही घरांना कुलपं आहेत. धूर निघणारी चिमणी आता गावात आपली एकच.

तुझे बाबा गेल्यापासून मी त्यांची पुस्तकं एकेक करून वाचते आहे. चष्मा लावून, बोट ठेवून, पण वाचते. परवा वाचलं की पेगन या शब्दाचा मूळ अर्थ नुसता खेडवळ. शहरातल्यांनी क्रूस घेतला, खेड्यातले जुन्या देवांपाशी मागे राहिले, म्हणून ते पेगन. मी एकटीच हसले. तुझ्या बाबांनी या शब्दापायी शाळेतली नोकरी घालवली, सोव्हिएत पोलिसांच्या चौकशीच्या खुर्चीत बसून आले, आणि अर्थ काय, तर आपण जे होतो तेच.

तुला पणजी आठवत नाही. माझी उर्शुले आजी. रोज संध्याकाळी चुलीतले निखारे एकत्र ओढून त्यांवर राख पांघरायची आणि शेजारी वाटीत स्वच्छ पाणी ठेवायची, गबियाला, चुलीतल्या अग्निदेवीला, तोंड धुवायला. चिमूटभर मीठ टाकायची. मग म्हणायची, ‘झोप गं बाई, तुझ्या अंथरुणात झोप. घराबाहेर हिंडू नकोस. सकाळी उठ आणि आम्हाला उठव.’ आणि शेवटी त्याच राखेवर बोटानं क्रूस काढायची. तुझे बाबा नवे जावई होते तेव्हा हे सगळं कौतुकानं लिहून घेत. एकदा म्हणाले, आजी, तुम्ही अस्सल पेगन आहात. आजीनं कालथा उगारला. ‘पेगन असेल तुझा बाप. मी चर्चमधली रविवारची मिस्सा चुकवत नाही.’ त्या दिवशी त्यांना बटाट्याचा कुगेलिस जळक्या बाजूचा मिळाला.

पण बाबांना या आगीची गोष्ट पूर्ण माहीत होती, आणि तुलाही मी सांगितली आहे. आम्हाला सैबेरियाला नेलं तेव्हा मी चार वर्षांची होते. गाडी वळली तशी शेजारची पेत्रोनेले आमच्या रिकाम्या घरात शिरली आणि चुलीतले निखारे मडक्यात भरून स्वतःच्या चुलीत घेऊन गेली. आम्ही परतलो तेव्हा मी बारा वर्षांची, आई तिकडेच पुरलेली, घरात दार नाही. पेत्रोनेले मडकं घेऊन आली. आधी निखारे दिले, मग भाकरी. आजीला म्हणाली, ‘घे तुझी बया. फार खादाड आहे, सगळी वर्षं माझी लाकडं खाल्ली.’ आजी रडली ती तेव्हा. मुलीच्या मरणाला तिकडे रडली नव्हती.

तीच आग या चुलीत आहे. मुलगी सासरी जाताना आईच्या चुलीतली आग नेते, ही आपली रीत. तू निघालीस तेव्हा मी विझलेला कोळसा तरी रुमालात बांधून देत होते. तू म्हणालीस, ‘आई, विमानतळावर काय सांगू? हा देव आहे म्हणून?’ आपण दोघी हसलो. रुमाल तू घेतलास, कोळसा टेबलावर राहिला.

उन्हाळ्याच्या मधल्या सणाला बाबांची जुन्या देवांना मानणारी मंडळी या वर्षीही टेकडीवर जमली. आता ती पुष्कळ झाली आहेत. तागाचे कपडे, ढोल, डोक्यावर ओकच्या पानांचे मुकुट. मुलंबाळं घेऊन येतात, चांगली माणसं आहेत. विदमांतास त्यांचा आता पुढारी. त्याला मी आधीच निरोप दिला होता की माझ्याकडून आता होत नाही, ही आग तुम्ही कुणीतरी घरी न्या. तो कंदील घेऊन आला, गुडघ्यावर बसून निखाऱ्यावरून वात पेटवून घेतली, माझ्या हाताची पापी घेतली. मला वाटलं, सुटले. मलाही गाडीत घालून वर नेलं. टेकडीवर वारा होता. होमाच्या दगडांपाशी पोचताना कंदील विझला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, खिशातून लायटर काढला आणि लाकडं पेटवली. सगळे गायला लागले. त्याची नजर माझ्याकडे गेली तसा तो जवळ येऊन हळूच म्हणाला, ‘आजी, आग सगळी एकच असते.’

त्याचं खरंही असेल. बाबाही तिथे रॉकेल आणि काडेपेटीच न्यायचे. मी मान हलवली आणि गाणं म्हटलं. पण गिन्तारे, आग सगळी एकच असती तर पेत्रोनेलेनं इतकी वर्षं कशाला फुंकली असती? नंतर मी विदमांतासला आग न्यायला परत ये म्हटलं. तो म्हणाला, त्याच्या फ्लॅटमध्ये विजेची शेगडी आहे. सगळ्यांकडेच आहे. त्यात त्याचा काय दोष.

फोनवर सांगितलं नाही, कारण तू लगेच ‘बरं झालं’ म्हणाली असतीस, आणि ते मला ऐकायचं नव्हतं. शनिवारी मला तालुक्याच्या वृद्धाश्रमात न्यायला गाडी येणार आहे. तिथे भिंतीतून गरम पाण्याचे नळ फिरवलेत, ऊब चांगली आहे. पेटती मेणबत्तीसुद्धा चालत नाही. तू ये म्हणून लिहीत नाही; तुला रजा नाही हे मला माहीत आहे, आणि येऊन तू ही आग ठेवणार कुठे. फक्त ती विझायच्या आधी तुला कळावं, नंतर नव्हे, एवढ्यासाठी हे पत्र. गाडी यायच्या आधी मी तिच्यावर वाटीतलं स्वच्छ पाणी घालीन. बाबांच्या सगळ्या वह्या पाहिल्या, विझवताना काय म्हणायचं ते कुठेच नाही. आजीलाही ठाऊक नसणार, तिला झोपवायचंच माहीत होतं. म्हणून मी तेच म्हणणार आहे. झोप गं बाई, तुझ्या अंथरुणात झोप. पुढचं म्हणणार नाही.

तुझीच,
आई