अर्ध्या चालकाची गाडी

२ फेब्रुवारी, रविवार

सगळ्यांत आधी शिंपी आला! गाडी फाटकात शिरते न शिरते तोच हजर. गळ्यात टेप, कानावर खडू, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. मुलगा उतरला, सूनबाई उतरली, आमची नात चिंगी उतरली, त्याचं ह्याला काही नाही. "काकू, नवी गाडी घेतलीत आणि शेजारी असून मला पत्ता नाही?" म्हटलं, अरे मला तरी कुठे होता! तोवर त्याने टेप काढून गाडी मोजायलाच घेतली. आमच्या फाटकातून दोन्हीकडे चार-चार बोटं सुटतात म्हणे. "बेताने शिवलीय," म्हणाला.

गाडी विजेवरची. आवाज म्हणून नाही. मांजर आलं तरी कळतं, ही कळत नाही. दाराला कडी नाही — सपाट! मी आपली चाचपत उभी. चिंगीने बोट लावलं तर कडी आपोआप बाहेर आली, लहान मूल जीभ दाखवतं तशी. आत ताटाएवढा टीव्ही. आणि त्यात एक बाई. दिसत नाही, नुसती बोलते. "दोनशे मीटरवर डावीकडे वळा." "पुढे वेग कमी करा." मला असं हसू फुटलं की सूनबाई घाबरली. "आई, काय झालं?" म्हटलं, काही नाही गं, बाई हुशार आहे.

वही, तुला म्हणून सांगते. हेच काम मी दोन वर्षं करतेय. बिनपगारी!

ह्यांना बाजूचं दिसत नाही. काचबिंदू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलं ते परत यायचं नाही, उरलंय ते सांभाळा. समोरचं दिसतं, पण नळीतून बघावं तसं. आणि बाहेर पडताना पायरीवरच हे म्हणाले, "मुलाला सांगायचं नाही." नाही सांगितलं. बत्तीस वर्षं ह्यांनी बस चालवली, एक ओरखडा नाही. अजून सगळी वस्ती ड्रायव्हरकाका म्हणते. किल्ली काढून घेतली तर मग नुसते काका. नुसते काका तर काय, गल्लीत सतरा आहेत.

आता मुलाचा बेत ऐक. जुनी गाडी भंगारात द्यायची आणि आम्हा दोघांना अशीच एक छोटी विजेची घ्यायची. "बाबा, उद्या एक चक्कर मारून बघा ना, तुम्हाला आवडेल." हे म्हणाले, "गुडघा धरलाय जरा."

गुडघा! मी आत जाऊन हसले. हसले, आणि तेलाची बाटली घेऊन बाहेर आले, गुडघा खरा वाटावा म्हणून.

३ फेब्रुवारी, सोमवार

मुलाने सुट्टी घेतली नाही, ऑफिसच घेऊन आलाय. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून भिंतीशी बोलतो. "माझा आवाज येतोय का? तुमचा येत नाहीये. आता येतोय का?" सकाळपासून हेच. एवढी मोठी कंपनी आणि सगळी माणसं बहिरी! ह्यांच्या बसमध्ये कंडक्टर दोनदा घंटी वाजवायचा, की सुटली गाडी. आवाज येतोय का, असं कधी विचारलं नाही कोणी.

माझ्या फोनचं म्हणशील तर तो मला सकाळी ओळखत नाही. तोंड दाखवलं की उघडतो, असं सूनबाईने करून दिलंय. पण तिने दाखवलं ते कवळीचं तोंड. त्यामुळे आधी कवळी, मग फोन. फोनला म्हटलं, अरे, नवऱ्याने दोन्ही तोंडं चालवून घेतली, तुला काय झालं?

दोन्ही गाड्या शेजारी उभ्या आहेत. जुनी आमची, नवी त्यांची. हे बाहेर जाऊन जुनीची काच पुसून आले. पुसलेलीच होती.

४ फेब्रुवारी, मंगळवार

बातम्या बघितल्या. आठ चौकटींत आठ डोकी, आठही ओरडतात. नवीन पुलावर भांडण. एका मंत्र्याने उद्घाटन केलं, मग दुसऱ्याने त्याच पुलाचं परत केलं. पूल तोच, फीत नवी. कोणी पुलावरून गेलं का, ते काही दाखवलं नाही.

मग दाखवलं की कुठेतरी बिनचालकाची गाडी सुरू झाली. मागे माणसं बसलेली, पुढे चाक आपलं आपण फिरतंय! चिंगी म्हणे, "आजी, विश्वास बसतो का?" म्हटलं, न बसायला काय झालं. मी मनात म्हटलं, त्यांची बिनचालकाची, आमची अर्ध्या चालकाची. अर्धे हे आणि अर्धी मी.

आमची रीत अशी. मी शेजारी बसते. डावीकडे सायकल असली की "डावं दोन". उजवीकडे मोठी गाडी असली की "उजवं चार" — म्हणजे चाकं. रस्ता मोकळा असला की "हं". आणि थांबायचं असलं की "अहो!" मी "अहो" म्हटलं की ह्यांचा पाय ब्रेकवर. विचार करायचा नाही, का म्हणून विचारायचं नाही. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, पण "अहो" म्हटल्याबरोबर ऐकायला लागले ते दोन वर्षांपूर्वी!

जायचं कुठे तर तीनच ठिकाणी. दवाखाना, भाजीबाजार, आणि तळ्याकाठचा बाक.

५ फेब्रुवारी, बुधवार

मुलाला पोचा दिसला. जुन्या गाडीच्या डाव्या दारावर, खाली. "बाबा, हे कधी झालं?" हे म्हणाले, "उभी होती, कोणीतरी घासून गेलं."

कोणीतरी नाही. मी. म्हणजे हात ह्यांचे, पण चूक माझी. दूधवाल्याच्या दुकानाशी वळत होतो आणि मी शिंप्याच्या मेहुणीचं सांगत होते — ती घर सोडून गेली आणि जाताना फक्त मिक्सर नेला — तर त्या मिक्सरमध्ये मी अशी रंगले की "डावं" म्हणायचं राहून गेलं. खांब होता. नुसता खांब.

त्या दिवशी घरी येऊन मी तुझ्यात काय लिहिलंय ते आज उघडून बघितलं. "आज भाजी स्वस्त." एवढंच. खांबाच्या जागी दूध घ्यायला आलेलं पोर असतं तर, हे मी लिहिलं नाही. ह्यांच्याशीही बोलले नाही. बोलण्यात माझा हात धरणारं कोणी नाही म्हणतात, आणि नेमकं तेवढंच बोलले नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

गुडघा अजून धरलेलाच आहे. मुलगा म्हणाला, हाडांच्या डॉक्टरकडे नेतो. हे म्हणाले, कमी झालाय. मग मुलगा म्हणाला, कमी झालाय तर चला चक्कर मारू. हे म्हणाले, वाढला!

दुपारी पंचाईत झाली. जेवायला बसलो होतो. मी म्हटलं, "अहो, मीठ द्या." आणि टेबलाखाली धप्प! ह्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. रोजचंच आहे. घरातसुद्धा "अहो" म्हटलं की पाय जातो, मला त्याची सवय झालीय. पण चिंगीचा चमचा पडला होता, ती खाली वाकलेली. ती वर आली. माझ्याकडे बघितलं. मग मुद्दाम, अगदी साळसूद चेहऱ्याने म्हणाली, "आजी, आजोबांना विचार ना, भाजी हवी का."

मी काय, बावळट! "अहो, भाजी—"

धप्प!

पोरीने चमचा पुसून घेतला. जेवण झाल्यावर मला मोरीशी गाठलं. "आजी, आजोबांना दिसत नाही ना?" कॉलेजात काय शिकवतात कोण जाणे, पण चांगलं शिकवतात. मी भांडी घासत राहिले. तिने नळ बंद केला आणि परत तेच विचारलं. मग सांगितलं सगळं. खांबाचंसुद्धा.

म्हणाली, "बाबांना उद्या-परवा कळेलच. त्याआधी तू माझ्याबरोबर चल."

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वही! वही! मी गाडी चालवली!!

भाजीच्या निमित्ताने चिंगीने मला नव्या गाडीतून गावाबाहेर नेलं. बंद पडलेल्या कारखान्यामागे मोकळं मैदान आहे, चिटपाखरू नाही. म्हणाली, उतर आणि इकडे बस. म्हटलं, अगं मी चौथी शिकलेली. म्हणाली, "आजी, हिला गिअर नाहीत, क्लच नाही. एक पाय, दोन पेडल. रस्ता तर तुला पाठच आहे. फक्त हातपाय नवीन आहेत."

पदर खोचला आणि बसले. पण खरं सांगू? चाकामागे बसल्यावर काही नवीन वाटलं नाही. तेच रस्त्याकडे बघणं. फरक एवढाच की आपण म्हणायचं आणि आपणच ऐकायचं. मी तोंडाने "हं, हं" म्हणत चालवत होते. चिंगी हसून लोळली. टीव्हीतली बाई म्हणाली, मार्ग चुकलात. म्हटलं, गप बस गं, मैदानात कसला आलाय मार्ग! सात फेऱ्या मारल्या. कासवाने ओव्हरटेक केलं असतं, पण मारल्या.

भाजी आणायची राहिली. सूनबाई म्हणाली, एवढा वेळ कुठे होतात? म्हटलं, भाजी महाग होती.

ह्यांना सांगितलं नाही. अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यापाशी ह्यांच्याविना काहीतरी आहे. छान वाटलं आणि मग वाईट वाटलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज काय झालं ते नीट क्रमाने लिहिते.

मुलाने सकाळी ऐकलंच नाही. "बाबा, उद्या आम्ही जाणार. आज बसायचंच." हे गेले. पाठ ताठ करून गेले, ड्युटीवर जायचे तशी. मी धावत पुढच्या दाराशी, तर मुलगा म्हणतो, "आई, तू मागे बस. मी पुढे बसतो, बाबांना बटणं दाखवायला." मी म्हटलं, मला मागे मळमळतं. "अगं, फाटकापर्यंत तर जायचंय!" मागे एका बाजूला चिंगी, दुसऱ्या बाजूला सूनबाई, मधे मी. डोकं कुठे आडवं करू? मुलाच्या खांद्यापलीकडचं काही दिसेना.

आणि शिंपी. फाटकाच्या खांबाला टेकून, बाजूला, गाडी बघत उभा. बेत बरोबर बसतो का बघायला!

गाडी निघाली. जवळ काही आलं की गाडी सांगते तसं टीं टीं वाजायला लागलं. ह्यांना टीं टीं कुठल्या बाजूचं ते काय कळणार? हे समोर, नळीतून, सरळ रस्त्याकडे बघतायत, मुलगा बटणांत बुडालेला. गाडी शिंप्याकडे झुकत चाललेली. मी दोन सीटांमधून मान काढली आणि मागून ओरडले —

"अहो!"

गाडी जागच्या जागी थांबली. शिंप्याचा टेप गाडीच्या आरशात अडकला होता, एवढं जवळ. तो म्हणाला, "काका, आज माझंच माप घेतलं असतंत!" 

मुलगा म्हणाला, "बाबा, एवढा मोठा माणूस—"

"दिसला नाही." ह्यांनी चाकावरचे हात काढून मांडीवर ठेवले. "दोन वर्षं झाली. बाजूचं दिसत नाही मला."

मग मुलगा माझ्याकडे वळला. "आई, तुला माहीत होतं? आणि तू शेजारी बसून जात होतीस? कोणी मेलं असतं म्हणजे?" खरं बोलला. 

हे मधे पडून म्हणाले, "तिला बोलू नकोस. गाडी तीच चालवत होती. मी नुसतं चाक धरत होतो."

 मग चिंगी म्हणाली, "चालवतेच ती. काल सात फेऱ्या मारल्या." आणि फोनवरचा व्हिडिओ पुढे धरला. लबाड! काढला होता तर! मुलाने बघितला. सूनबाईने बघितला. "भाजी महाग होती काय!" म्हणाली. शेवटी ह्यांनी फोन अगदी डोळ्यांपुढे, नळीत बसेल असा धरला आणि दोनदा बघितला. म्हटलं, आता हे काय म्हणतात. 

म्हणाले, "वळताना आरशात बघत नाही ही."

संध्याकाळी चिंगीने फोनवरच माझा शिकाऊ परवान्याचा अर्ज भरला. शिक्षण? चौथी. जन्मतारीख? अंदाजे. फोटो कवळीसकट. जन्मसाल मात्र मुलानेच सांगितलं.

९ फेब्रुवारी, रविवार

गेली सगळी. जुन्या गाडीची किल्ली मुलगा बरोबर घेऊन गेला. ह्यांनी स्वतः काढून दिली.

चार वाजता चहा घेऊन आले तर हे घरात नाहीत. बाहेर बघते तर जुन्या गाडीत बसलेले, माझ्या जागेवर! म्हणाले, "किल्ली नाही तर नाही. आरसे तर आहेत. बस." मी पलीकडून जाऊन चाकामागे बसले. अर्धा तास आरसे शिकवले. मधेच ओरडले, "अगं!" — आणि माझा पाय ब्रेकवर!

मुलगा-सूनबाई तेवीस तारखेला येतो म्हणालेत, छोटी गाडी घेऊन.