बंद केलंय म्हणायची नोकरी

४ जानेवारी

चि. टिटवीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

मोबाइल कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये लागलीस, हे वाचून अख्ख्या तुकडीला चहा पाजला. बरं झालं बाई! घरात आता टॉवरवर चढणारा एक आणि त्यावरची अँटेना बंद करणारी एक. आम्ही अँटेनासमोर जाण्याआधी फोन करतो, तिकडून बंद केलंय असा आवाज आला की निर्धास्त होतो. त्या आवाजांत आता तूही, म्हणून छाती फुगली.

आमच्या ताईने, म्हणजे तुझ्या आईने, मायक्रोवेव्हचा घेतलेला धसका वाचून पोट धरून हसलो. तिला म्हणावं, दार नीट बसत असेल तर त्या डब्यातून घाबरण्यासारखं काही बाहेर येत नाही, भावोजींना गार जेवण वाढू नकोस. तसल्याच लाटा आमच्या अँटेनातून मोकळ्या सुटतात. रस्त्यावरच्या माणसाला त्यांची झळ नाही. पण चालू अँटेनाला खेटून काम केलं तर अंग आतून तापतं, डोळ्यांत मोतीबिंदूही धरू शकतो. म्हणून तर बंद करून घ्यायची.

छातीला लावायचं एक यंत्र मिळालंय, लाटा असल्या की ते ओरडतं. माझं मेलं बिघडलेलं निघालं. अँटेना बंद असली तरी संध्याकाळी कोकलत सुटतं. शेवटी वैतागून परत केलं. बाकी ठीक. उजवा हात कोपराखाली आतून चटका बसल्यासारखा दुखतो, डोळ्यांत खुपतं. वय झालं, दुसरं काय! ताईला कळवू नकोस, डोकं खाईल.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा मामा

११ जानेवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आधी एवढं वाच. यंत्र बिघडलेलं नाही. वर चढू नकोस.

संध्याकाळी अँटेना बंद केली की ग्राहकांच्या तक्रारींचा भडिमार होतो. म्हणून साहेबांनी सांगून ठेवलंय की त्या वेळी तिची शक्ती नुसती थोडी कमी करायची आणि बंद केलंय म्हणून मोकळं व्हायचं. सगळ्या कंट्रोल रूममध्ये हेच चालतं म्हणे. मीही दोघा-तिघांना तसं सांगितलं, मामा. एवढ्याशा वेळात काय होतंय, असं मनाला बजावलं. तुझं पत्र वाचलं आणि तीच माणसं आठवली. तीही कुणाची तरी माणसंच होती ना रे?

कालपासून फोन लावतेय, लागत नाही. टॉवर दुरुस्त करणाऱ्याचाच फोन लागू नये, काय म्हणावं या कर्माला! ठेकेदाराकडे निरोप ठेवलाय. तो नुसतं हो हो म्हणाला, म्हणून विश्वास नाही. हात आणि डोळे डॉक्टरांना दाखव. वयाचं नाव पुढे केलंस तर मी स्वतः येऊन तुला ओढत नेईन.

रागाव, पण उत्तर धाड.
तुझी टिटवी

१७ जानेवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझं काहीच कळत नाही. दार वाजलं की पोस्टमन असेल म्हणून धावते. आईला सांगायचं नव्हतं, पण ती माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखते. शेवटी सगळं ओकले. ती आता मायक्रोवेव्हसमोर उभी राहून त्यालाच शिव्या देते.

परवा संध्याकाळी एकाचा फोन आला. मी त्याला सांगितलं की अँटेना चालू आहे, खाली उतरा. तो करवादला, मग थँक्यू म्हणाला. साहेबांनी मला त्याच क्षणी खुर्चीवरून उठवलं आणि तक्रारींच्या टेबलावर बसवलं. दिवसभर नेटवर्क का नाही म्हणून लोकांची बोलणी खाते. नोकरी राहील की जाईल, देव जाणे. तू चढला नाहीस ना, एवढंच सांग.

वाट बघायला लावू नकोस, ही विनंती.
टिटवी

२९ जानेवारी

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

बाहेरगावी कामावर होतो, तिथे फोन लागत नव्हता; परतल्यावर गेल्या आठवड्यात तुझी दोन्ही पत्रं एकदमच हाती पडली. ठेकेदाराने निरोप पोटातच ठेवला होता, म्हणून तोवर चढतच होतो. खरं सांगतो, आधी तुझाच संताप आला. मग स्वतःचा आला. खोटं बोलणाऱ्या माणसांवर भरवसा ठेवला आणि खरं बोलणारं यंत्र परत केलं. शहाणाच की नाही मी!

डॉक्टर म्हणाले, हात भरून येईल. उजव्या डोळ्याचं भिंग जरा धुरकट झालंय. यानेच झालं का, ते छातीठोक सांगता येत नाही, पुन्हा तपासू म्हणाले. भीती वाटते गं, टिटवे. डोळा गेला तर मी कसला चढतोय! यंत्र भांडून परत आणलंय. ते ओरडलं की तुकडीतलं कुणी पुढे जात नाही. ठेकेदार थयथयाट करतो, करू दे.

परवा तुमच्या कंट्रोल रूमच्या भागात काम निघालं. अँटेनाच्या खालच्या टप्प्यावर थांबून मी फोन लावला. एक नवा मुलगा होता, कोवळा आवाज. बंद केलंय म्हणाला. माझ्या छातीवर यंत्र ठणाणा करत होतं. मी म्हटलं की बाळा, जरा परत बघ. त्याने तिकडे कळा दाबून पाहिल्या. मग अगदी हळू बोलला की काका, चढू नका. आणि फोन ठेवून दिला.

आम्ही उतरलो. एव्हाना त्यालाही खुर्चीवरून उठवलं असेल. तुझ्या टेबलाशी त्याला जागा करून दे.

ताईस नमस्कार. तुम्हा दोघींचा लोभ असू दे, सध्या त्याची गरज आहे.
तुझा मामा