तापट भावाचं काम

सर, नववीत तुम्ही मला तापट भावाचं काम दिलंत, तेव्हा वर्गातली निम्मी मुलं कापूस वेचायला गेली होती. दोन घराण्यांच्या वैराचं जुनं नाटक. त्यात नायिकेचा हा भाऊ नायकाच्या मित्राला मारतो आणि मग स्वतःही मरतो. मला नायिका व्हायचं होतं. तुम्ही म्हणालात, "नायिका कोणीबी करते. हे तुलेच जमते."

पहिल्या तालमीला मी नुसती ओरडत होते. तुम्ही खुर्चीतून उठलात. "थांब वं! खेकसून राह्यली नुसती. त्याले राग काऊन आला, सांग."

"तो वाईट आहे म्हणून."

"वाईट नाही, भेलेला हाये तो. घर हातचं चाललं, हे त्याले एकट्यालेच दिसते. बाकीचे नाचून राह्यले."

मग शाळेच्या पटांगणात भर दुपारी नाटक झालं. मी आवाज खाली घेऊन बोलले. मी तलवार लागून पडते, आणि बायकांमधून माझ्या आईचा आवाज येतो, "माय वं, त्याचं बी कोणी ऐकलं असतं तं!" लोक हसले. तुम्ही हसला नाहीत. पडद्यामागे स्वतःचा चहा माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "नाटक तुह्या मायले समजलं."

मी बारावीत असताना तुम्ही देवाघरी गेलात. त्यानंतर कितीतरी वर्षांनी आमच्या कपाशीत गुलाबी अळी आली. बियाणं बीटीचं, अळी लागणार नाही म्हणून घेतलेलं. वरून बोंड हिरवंगार दिसायचं, फोडलं की आत अळी आणि सडलेला कापूस. वडील तोवर वारले होते, शेत मी आणि धाकटा भाऊ पाहत होतो. एका सकाळी तो कुणाशी न बोलता गाडी काढून, बियाणं घेतलं त्या जानेफळला निघाला. मी मागोमाग ऑटोनं गेले.

मी पोचले तेव्हा त्यानं बियाण्याच्या दुकानदाराची कॉलर धरली होती आणि दुसऱ्या हातात तराजूचं लोखंडी वजन होतं. दुकानदार म्हातारा होता. लोक जमले होते, काहीजण मोबाइलवर शूटिंग करत होते. मध्ये कुणी पडत नव्हतं.

मी भावाचं मनगट धरलं. "तू भेला हायेस," मी हळूच म्हणाले. "मी बी भेली."

"ताई, सोड. यानंच बी देल्लं."

"देल्लं. बनवलं नाही त्यानं."

"मंग कोणाले धरू? सांग ना, कोणाले धरू?"

"मले नाही माहीत," मी म्हणाले. त्यानं वजन काउंटरवर ठेवलं, खताच्या पोत्यावर बसला आणि पोरासारखा रडला. दुकानदारानंच त्याला पाणी दिलं.

आम्ही कपाशीची पऱ्हाटी उपटली, हरभरा पेरला. भाऊ आता हसतो, बोलतो. पण तेव्हापासून गावात कुणाचं डोकं फिरलं की मलाच बोलावणं येतं. मी जाते, प्रत्येकाची भीती ऐकून घेते, घरी येऊन भाकरी थापते. सर, फार थकायला होतं. माझा राग कुणाच्या लक्षातही येत नाही.

तुमचा पत्ता असता तरी हे पाठवलं नसतं. त्या दिवशी मनगट मी धरलं खरं, पण धरण्याआधी क्षणभर दारातच उभी राहिले होते. वाटलं होतं, मारू द्यावं.