शुक्रवारच्या आत दिवा लागायला हवा

२६ सप्टें. २००६, मंगळ. जुन्नर

पेठहून मेव्हण्याचा फोन. "दाजी, ताई नोकरीचा करार अजून दोन वर्सं वाढवायचं म्हनती. सात तारखेला सही. तुमी बोला की."

माझ्या बायकोची बातमी मला पेठहून कळते! सुनंदा मस्कतला नर्स. शुक्रवारी सुट्टी, तेव्हा भावाशी तासभर चॅट. मला फोन. पण तिच्या मागं बायकांची रांग, "बरी आहे, वेळेवर जेवा" एवढ्यात संपतो. मी चॅटसाठी नेट-कॅफेत जावं तर खुर्चीमागं चौघं वाचत उभे. 'परत ये' त्यांच्यासमोर टाइप करू?

२८ सप्टें.

समोरच्या सलीमभाईंच्या दुकानात बिनवायरचं नेट आलंय. "घ्या की राव, हवेतनं येतंय, माझं काय जातंय!"

घरच्या कॉम्प्युटरला त्याचं कार्ड आणून बसवलं. कार्डावरचा दिवा लागेना. कॉम्प्युटरमधलं लिनक्स म्हणतं, फर्मवेअर नाही. म्हणजे कार्ड चालवणारी चिमुकली फाइल. ती मिळते नेटवर, आणि नेट या कार्डाशिवाय नाही. घ्या! कॅफेतून पेनड्राइव्हवर आणली, खोक्यावरचं नाव बघून. आतली चिप निघाली भलतीच.

१ ऑक्टो., रवि. खंडेनवमी

कॅफेतून बरोबर फाइल आणली. वीज नव्हती, म्हणून आधी पूजा. दरवर्षी सु. मांडते, यंदा मीच. पाटावर तिची कात्री, माझा स्क्रू-ड्रायव्हर, पेनड्राइव्ह. पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं. पेनड्राइव्हच्या तोंडात कुंकवाचा चिखल. गेला कामातून.

लई हसलो. मग सांगायला घरात कुणी नाही हे लक्षात आलं आणि रडू आलं.

४ ऑक्टो.

सलीमभाई रोजा सोडून आले, खजूर घेऊन. "वहिनी न्हाईत तर घर लई गप वाटतंय, भाऊ." त्यांच्या मशीनवर फाइल उतरवली. न्यायला कपाटातली जुनी फ्लॉपी. वर माझंच अक्षर, 'सुनंदा – मस्कत अर्ज'. मीच टाइप केला होता, हौसेनं.

फाइल जागेवर टाकली, कार्ड पुन्हा चालू केलं. दिवा लागला, हिरवा. सलीमभाईंनी टाळी दिली.

६ ऑक्टो., शुक्र. संध्या.

सु. चॅटवर आली.

"अहो, तुम्ही? कॅफेतून?"

"घरून."

"मागं कोण आहे?"

"कुणी नाही."

मग लिहिलं, परत ये. उद्या सही नको करू. मला करमत नाही.

खाली 'सुनंदा लिहीत आहे' येतं, जातं. वही मांडीवर घेऊन बसलोय.

आलं. "जेवलात का?"

अजून नाही, म्हणालो.

परत 'लिहीत आहे'.