बॅटरीला ओवाळलं

कलकत्ता, १६ जानेवारी १९५३

ती. दादास,
कालिंदीचा शि. सा. नमस्कार.

तार मिळाली असेलच. मोटारीची बॅटरी फुटून ॲसिड यांच्या दोन्ही डोळ्यांत गेलं. पट्ट्या आठ दिवसांनी सुटतील. दृष्टी राहील का, कोणी बोलत नाही. हे स्वतः डॉक्टर, त्यामुळे खोटा धीरही देता येत नाही.

थंडीत गाडी सकाळी चालूच होत नसे. हावड्याच्या पेशंटकडे निघाले की गल्लीतले चार बाबू ढकलायला यायचे, आणि ढकलण्यापेक्षा सल्लेच जास्त! म्हणून नवी बॅटरी आणली आणि तू लिहिलंस तशी, मध्ये बल्ब जोडून, घरच्या विजेवर गॅरेजात चार्जिंगला लावली. धुकं आत नको म्हणून दार-खिडकी मी गच्च लावून घेतली.

त्या दिवशी संक्रांत. नवी वस्तू आली की आपण ओवाळतो ना रे? आईने शिलाईचं मशीनसुद्धा ओवाळलं होतं. हे वाकून तारा बघत होते. मी मागून निरांजन पुढे केलं आणि भडका उडाला. माझा हात भाजला, तो भाजायलाच हवा होता.

चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून पेटणारा गॅस निघतो, हे मला इस्पितळात कळलं. हे सगळ्यांना सांगतात, 'माझ्याच हातून तार ढिली राहिली, ठिणगी पडली.' दादा, यांना खरं सांगू का? 

तुझी
कालिंदी

पुणे, २० जानेवारी १९५३

चि. सौ. कालिंदीस
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अगं वेडे, चूक माझी आहे. चार पानं खरडली, बल्ब केवढा, कुठली तार कुठे. खिडकी उघडी ठेवा हे एक वाक्य राहिलं. पंधरा वर्षं मोटारींत हात काळे केलेला माणूस मी!

श्यामकांतरावांना निरांजनाचं अवाक्षर सांगू नकोस. आधी त्यांना बरं होऊ दे. रजा मिळाली की निघतोच. हे पत्र फाडून टाक.

तुझा दादा
गुरुदत्त

कलकत्ता, २६ जानेवारी १९५३

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

उजवा डोळा गेला. डाव्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. यांना घरी आणलंय.

तुझं पत्र आलं तेव्हा मी औषधं आणायला गेले होते. पुण्याचं म्हटल्यावर यांनी तुझ्या भाचीला, हेमाला, वाचायला लावलं. नऊ वर्षांची पोर, बंगाली शाळेतली. अक्षराला अक्षर लावत तिने 'फाडून टाक'पर्यंत सगळं वाचलं. मी आले तेव्हा हे तिला 'अवाक्षर'चा अर्थ समजावून सांगत होते.

मी पायच धरले. तर म्हणाले, तुपाचा वास आला तेव्हाच तू मागे आहेस हे कळलं होतं. गॅसचंही ठाऊक होतं. पण सकाळपासून काळी चंद्रकळा नेसलेली, एवढ्या हौसेने आलीस, नको म्हणवेना. वाटलं, चटकन ओवाळून जाईल.

दादा, चूक तू घेतोस, हेही घेतात. मग मी काय करू? कोणी मला बोल लावत नाही. सकाळी यांची दाढी करून देते, तर म्हणतात, किती हलका हात आहे तुझा!

लोभ आहेच तुझा. या खेपेला मात्र येशील तेव्हा आधी मला रागाव, यांच्यासमोर, यांना ऐकू जाईल असं.

तुझी
कालिंदी