भिंतीवरची काळी-पांढरी मी

कुमासी, बुधवार सकाळ

थोरल्या आक्काच्या पायांशी धाकट्या पोकुआचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली का? इकडे मी खुशाल, म्हणजे जिवंत आहे. हे वाक्य दोनदा वाच. सोमवारी मी तुला फोन केला, तर माझा आवाज ऐकताच तू "येशू, वाचव!" म्हणून फोन टाकलास, तो तेव्हापासून बंदच आहे. मेलेली माणसं फोन करत असतीलही, मला अनुभव नाही. पण तिसरीत शाळा सोडलेली बाई मेल्यावर एवढं लांब पत्र लिहीत बसेल का, तूच सांग.

या सगळ्याच्या मुळाशी आपली अडोमा. माझी नात चित्रं काढते हे तुला माहीत आहे. (कागद नाही, रंग नाही, हात काळे होत नाहीत. काचेच्या पाटीवर काचेचीच वाटावी अशी लेखणी फिरवते आणि तिला काम म्हणते.) आक्राच्या एका फोनवरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीला बाजारातली म्हातारी हवी आहे. खेळात राक्षस येतो आणि म्हातारी त्याला सुक्या माशाने बडवते. अट एवढीच, की म्हातारीच्या अंगावरचं कापड चित्र काढणाऱ्याच्या घरातलं, खरंखुरं हवं. चित्र शुक्रवारी पोचलं आणि आवडलं तर अडोमाला तिथे नोकरी. नाहीतर तिचा मामा तिला नर्सिंगला घालणार. आणि ही पोर कोंबडी कापतानाही डोळे मिटते, पेशंटचं काय करील ते देवच जाणे.

म्हातारी शोधायला लांब जावं लागलं नाही. मला चुलीपाशी बसवलं आणि आधी एक अंडं काढलं, अंड्याला काड्या लावल्या. म्हटलं, ही मी? म्हणाली, "आजी, हा तुझा सांगाडा." मग अंड्यावर माझं नाक आलं. तिच्या त्या पाटीत एकावर एक काचा ठेवल्यासारखं असतं. एका काचेवर अंग, दुसरीवर कापड, तिसरीवर सुरकुत्या. पाद्री चहाला आले तेव्हा हिने नेमकी कापडाची काच बाजूला सरकवली. पाद्र्यांनी चहा अर्धा टाकला. सुरकुत्यांवरून आमचं जुंपलं. मी म्हटलं, निम्म्या पूस, तुला बोट टेकवलं की पुसता येतं ना? तर म्हणे, "सुरकुत्या पुसल्या तर राक्षस घाबरेल कशाला?" (दात मात्र मी सगळे भरून घेतले. पुढचे दोन कसे गेले ते तुला माहीत आहे, कारण खलबत्ता तुझ्याच हातात होता.)

आता ऐक, तुझी पोकुआ मेली कशी. हिची रीत अशी, की आधी नुसता उजेड आणि सावली, काळं-पांढरं; रंग सगळ्यात शेवटी. कडा नीट दिसाव्यात म्हणून भोवती लालभडक पट्टी. लांबून कसं दिसतं ते बघायला सोमवारी सकाळी तिने ते कोपऱ्यावरच्या दुकानातून दारापेक्षा मोठं छापून आणलं, घराच्या पुढच्या भिंतीवर टांगलं आणि रस्त्यापलीकडे उभी राहून मान वाकडी करून बघत बसली. म्हातारीचा काळा-पांढरा चेहरा, भोवती लाल, आणि समोर नात गप्प उभी! आपल्याकडे मयताची पाटी अशीच टांगतात, याचा अर्थ कोणाला सांगावा लागतो? फक्त अंत्यविधीची तारीख लिहायची राहिली होती.

मी मागच्या अंगणात जेवणाच्या फुफूसाठी उकडलेले कंद कांडत होते. आवाज ऐकून पुढे आले तर खुर्च्या भाड्याने देणारा टेम्पोतून खुर्च्या उतरवतोय. मला बघून त्याने टोपी काढली, म्हणाला, "मावशी, दुःखात सहभागी आहे. किती माणसं धरू?" शेजारणी गळा काढत आल्या, मला बाजूला सारून आत गेल्या आणि माझं प्रेत शोधत रडू लागल्या. मयताला द्यायच्या दारूच्या, श्नॅप्सच्या, तीन बाटल्या आल्या. (परत केल्या नाहीत. दुःख खरं होतं, त्याचा अपमान कशाला?) मी बाजारात धावले, तर सुक्या मासळीच्या रांगेत माझ्या स्टुलावर पलीकडची मासेवाली मांसा बसलेली! माझ्याच चाकूने माझेच मासे साफ करत म्हणते कशी, "जागा थंड पडू नये म्हणून बसले गं." मी तिला मासळीनेच उठवलं. अडोमा मागून ओरडत होती, "आजी, हात तसाच वर ठेव, तसाच!" आणि पाटीवर खरडत होती. चित्रातला हात त्या दिवसापासून फार छान झाला आहे.

बाकी सर्व ठीक. मुलांना आशीर्वाद. चर्चमध्ये माझ्यासाठी मेणबत्त्या लावल्या असशील तर विझव, उरलेल्या कामाला येतील.

तुझी, श्वास चालू असलेली,
पोकुआ

ता. क. – रंग भरायला अडोमाला माझं पाखरांचं कापड हवं आहे, निळ्यावर पिवळी पाखरं असलेलं. मनाने रंग लावणार नाही म्हणते, आणि ते कापड आपल्या गावच्या, जुआबेनच्या घरी माझ्या पेटीत आहे. म्हणजे होतं. काल शेजारच्या क्वाबेनाला गाडी घेऊन पाठवलं, तर पेटीच जागेवर नाही. बातमी आल्यावर तासाभरात तू ती आपल्या खोलीत नेलीस म्हणे. आक्का, मी अजून गारही झाले नव्हते! हे पत्र घेऊन क्वाबेना पुन्हा तुझ्या दारात उभा आहे, त्याला पेटीशिवाय सोडू नकोस. कापड नाही तर रंग नाहीत, रंग नाहीत तर पोरगी गेली इंजेक्शनं द्यायला, आणि मी भिंतीवर मेलेलीच राहीन.

ता. ता. क. – हो, ते कापड मूळचं तुझं. आपल्या भाचीच्या, एस्सीच्या लग्नात एका दिवसासाठी म्हणून नेलं होतं, मला आठवतं. अडोमाचे रंग उतरवून झाले की परत देईन. मी मेल्यावर. या वेळी खरोखर.