पलीकडच्या काठावरचा माणूस

फहाहील, कुवेत, ३ जून १९६१
पोचलो बाबा एकदाचा! आमच्या दाभोळच्या यूसुफभाईंनी तेलकंपनीतल्या साहेबाकडे खानसाम्याची नोकरी लावून दिली. साहेब आजच दोन महिन्यांच्या रजेवर गेला. बंगला, फ्रिज, सगळं माझ्या ताब्यात. नवाबच की मी! पंधरा तारखेला रहिमा बोटीनं येतेय. निकाहाला वर्ष झालं, पण मी बोटीवर कामाला, ती गावी; आम्ही एका छपराखाली आठ दिवससुद्धा राहिलो नाही.

दिवाणखान्यात भिंतभर फोटो आहे. यूसुफभाई म्हणाले, आइसलँड बेटावरची नदी, बर्फाच्या डोंगरातून येते. शेजारीच आगीचा डोंगर, त्याच्या राखेनं काठ काळे ठिक्कर. पाणी ताकासारखं. पलीकडच्या काठावर एक माणूस हात वर करून उभा.

५ जून
मी खाडीवरच्या तरीवाल्याचा मुलगा. पलीकडून हाक आली की ओ द्यायची, आणि ओ दिली की होडी न्यायचीच. नाहीतर माणूस वाट बघून पाण्यात उतरतो, असं अब्बा बजावायचे. आज धूळ पुसताना जित्याची खोड उफाळून आली. फोटोतल्या माणसाला मोठ्यानं म्हटलं, "ओ! आलो, थांब!" मग एकटाच हसत बसलो.

८ जून
फोटोतला तो माणूस आता काठावर नाही. घोटाभर पाण्यात उभा आहे. यूसुफभाईंना दाखवलं तर म्हणाले, ऊन लागलंय तुला, लिंबूपाणी पी. त्या दिवशी ओ दिल्यापासून घसा बसलाय हे मात्र खरं.

११ जून
कमरेइतक्या पाण्यात. बाहेर अंगार, आणि फोटोखालची फरशी ओली, गारठलेली. फोटोवर चादर टाकली. माझा आवाज पार गेला. डॉक्टर म्हणतो, घशात काहीच नाही.

१४ जून
चादर भिजून खाली पडली. तो नदीच्या अलीकडे आलाय. तोंड दिसतं — उघडं. मला भीती वाटते, फार. यूसुफभाईंना चिठ्ठी दिली, रहिमाला तुमच्याकडेच उतरवा —

१५ जून, दुपार
त्यांनी तिला इथंच आणलं. नवी सून नवऱ्याच्याच घरी उतरते म्हणाले, आणि गेले.
रहिमाला माझं न बोलणं थट्टाच वाटतेय. ती स्वयंपाकघरात. मी ट्रंक ठेवायला आतल्या खोलीत आलो, तर दार बंद झालं. उघडत नाही — खालून पाणी येतंय, काळी वाळू —
दिवाणखान्यातून हाक आली. "रहिमा!"
माझाच आवाज.
मी इथं. दार बडवतोय, तोंडातून शब्द फुटत नाही. कागदावर लिहून दाराखालून सरकवलं, ओ देऊ नकोस — पण तिला वाचता कुठं येतं —
पुन्हा हाक.
ती हसतेय. या अल्ला, लाडानं म्हणतेय, "ओ, आले